विहिरीच्या काठावर इंजिन आणणारे शंतनुराव

बीड जिल्ह्यातल्या जुन्या विहिरींच्या काठावर अजूनही कुठे कुठे सिमेंटचा चौथरा दिसतो. त्यातून चार गंजलेले बोल्ट वर आलेले असतात. त्यांवर बसवलेले इंजिन केव्हाच भंगारात गेलेले असते आणि विहिरीत आता विजेची मोटार असते. वीज शिवारात पोहोचण्याआधी मात्र हंगामात पहाटेपासून कानावर यायचा तो या इंजिनाचा ठोका. ज्यांच्या घरी असे इंजिन होते, त्यांना त्यावरचे नावही आठवते. पुष्कळदा ते नाव किर्लोस्कर असे. आडनाव सर्वांच्या ओळखीचे झाले. इंजिनाच्या कारखान्यामागे उभे असलेले शंतनुराव मात्र शहरातले एक मोठे उद्योगपती एवढ्याच ओळखीने उरले. त्यांचे आयुष्य आणि इंजिनाचे काम एकत्र पाहिले, तर दोन्ही जास्त नीट समजतात.

माळरानावरचे बालपण

शंतनुराव लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म २८ मे १९०३ रोजी सोलापुरात झाला. वडील लक्ष्मणराव यांनी बेळगावात आधी सायकलींचे दुकान काढले होते. त्यातून कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर करण्यापर्यंत ते पोहोचले. लोखंडाच्या फाळाने जमीन नासते, असा त्या काळी अनेक शेतकऱ्यांचा समज होता. त्यामुळे सुरुवातीचे नांगर विकायला लक्ष्मणरावांना फार वाट पाहावी लागली. यंत्र चांगले असणे पुरेसे नसते, ते वापरणाऱ्याला पटावे लागते, हा धडा किर्लोस्करांच्या घरात फार लवकर गिरवला गेला.

बेळगावातली जागा सोडावी लागली तेव्हा औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्थानकाजवळचा माळ देऊ केला. निवडुंगाने भरलेल्या त्या माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. शंतनुराव तेव्हा सात वर्षांचे होते. भट्टी, लेथ आणि ओतकाम यांच्या आवाजातच ते वाढले.

पुढे ते शिक्षणासाठी अमेरिकेला गेले. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या नामांकित संस्थेतून त्यांनी १९२६ मध्ये यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेतली. परत आल्यावर त्यांनी वडिलांच्या कारखान्यातच काम सुरू केले. नांगरांबरोबर आता तिथे पंपही होऊ लागले होते. पंपाने मात्र एक नवा प्रश्न उभा केला. नांगर बैल ओढतात, पण पंप फिरवायचा कशाने?

बैल, मोट आणि पंप

त्या काळी बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. इथली बागायत विहिरीवर आणि विहीर मोटेवर चालायची. बैलजोडी धावेवरून उताराला जायची, नाडा ताणला जायचा, चामड्याची मोट वर येऊन थारोळ्यात रिकामी व्हायची आणि बैल पुन्हा मागे सरायचे. एका खेपेला शे-दोनशे लिटर पाणी येई. बैल थकले की पाणी थांबे. दुष्काळात चारा संपला की बैलही जात आणि त्यांच्याबरोबर विहिरीतले उरलेसुरले पाणीही हाताबाहेर जाई.

केंद्रोत्सारी पंप हे काम कितीतरी वेगाने करतो, पण त्याला मिनिटाला हजार-पंधराशे फेरे लागतात. बैल तेवढे फेरे देऊ शकत नाहीत आणि वीज तेव्हा मोजक्या शहरांतच होती. उरले ते तेलावरचे इंजिन. बाजारात विलायती इंजिने मिळत. सातारारोडच्या कूपर कारखान्याने १९३० च्या दशकात देशी डिझेल इंजिनेही केली होती. तरीही देशाची गरज फार मोठी होती आणि दुसऱ्या महायुद्धाने परदेशी मालाची वाट अडवून धरली.

युद्धाच्या काळात, १९४१ मध्ये, हरिहर येथे म्हैसूर किर्लोस्कर हा यंत्रे घडवणाऱ्या यंत्रांचा कारखाना उभा राहिला. युद्ध संपताच १९४६ मध्ये शंतनुरावांनी पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी काढली. इंजिनाचे तंत्र ब्रिटिश कंपनीच्या सहकार्याने आले. खरी कसोटी मात्र ते इथल्या कामगारांकडून, इथल्या ओतकामातून, पुन्हा पुन्हा त्याच मापाचे घडवून घेण्याची होती.

ठिणगीशिवाय पेटणारी आग

हे काम किती नाजूक होते, ते इंजिनाच्या आत डोकावल्याशिवाय कळत नाही. या कंपनीचे खेडोपाडी पोहोचलेले एक मॉडेल म्हणजे एव्ही-१. एक सिलिंडर, पाच अश्वशक्ती, मिनिटाला १५०० फेरे. सिलिंडरचा व्यास ८० मिलिमीटर, म्हणजे पाण्याच्या मोठ्या पेल्याएवढा. त्यात पिस्टन ११० मिलिमीटर वर-खाली होतो.

पिस्टन पहिल्यांदा खाली येतो तेव्हा एक व्हॉल्व्ह उघडतो आणि सिलिंडर हवेने भरतो. नुसती हवा, इंधन नाही. दुसऱ्यांदा पिस्टन वर जातो. आता दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात आणि हवा मूळच्या साडेसोळाव्या हिश्श्याएवढ्या जागेत दाबली जाते. सायकलच्या पंपाने हवा भरताना पंपाचे खालचे टोक तापते, तोच हा प्रकार, पण फार जोरात. हवेचे तापमान पाचशे अंश सेल्सिअसच्या वर जाते. त्याच क्षणी नोझलमधून डिझेलचा बारीक फवारा आत उडतो. डिझेल याच्या निम्म्या तापमानालाही स्वतःहून पेट घेते, म्हणून ठिणगीची गरजच पडत नाही. तापलेला वायू पसरतो आणि पिस्टनला खाली ढकलतो. हा तिसरा, कामाचा धक्का. चौथ्यांदा पिस्टन वर जाताना जळका वायू बाहेर लोटतो आणि सायलेन्सरमधून ठोका ऐकू येतो.

चार धक्क्यांत काम होते ते एकातच. उरलेले तीन ओढून नेण्यासाठी बाहेर ते जाडजूड चाक, म्हणजे फ्लायव्हील, असते. एकदा फिरू लागले की ते आपल्या वजनाच्या जोरावर पुढच्या धक्क्यापर्यंत पिस्टनला खेचत नेते. इंजिन सुरू करताना आधी डिकॉम्प्रेशनचा खटका उचलायचा, हँडल मारून चाकाला वेग द्यायचा आणि मग खटका सोडायचा, असे का करतात तेही यावरून कळते. खटका उचलला की व्हॉल्व्ह उघडा राहतो, हवा दाबली जात नाही आणि हात हलका पडतो. खटका सोडला की चाकात साठलेला जोर हवा दाबतो आणि इंजिन पेटते.

ही कल्पना जर्मन अभियंता रुडॉल्फ डिझेल यांची. त्यांनी १८९२ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि १८९७ मध्ये ऑग्सबुर्ग येथे इंजिन यशस्वी करून दाखवले. पेट्रोलच्या इंजिनात हवा आणि पेट्रोल एकत्र आत येतात आणि ठिणगीने पेटतात. ते मिश्रण फार दाबले तर वेळेआधीच भडकते, म्हणून दाब मर्यादित ठेवावा लागतो. डिझेलमध्ये आधी नुसती हवाच दाबायची असल्याने दाब वाढवता येतो आणि तेवढ्याच इंधनातून जास्त काम मिळते. तरीही डिझेलमधल्या उष्णतेचा साधारण एकतृतीयांश भागच चाकापर्यंत पोहोचतो. बाकीची धूर आणि थंड करणारे पाणी यांच्याबरोबर निघून जाते.

आता नाजूकपणाकडे. नोझलमधून फवारा निघायचा तर डिझेलवर हवेच्या दाबाच्या सुमारे दोनशे पट दाब लागतो. तो देणाऱ्या छोट्या पंपातला दांडा आणि त्याची नळी यांत मिलिमीटरचे दोन-तीन हजारावे भाग एवढीच फट असते. माणसाचा केस यापेक्षा वीस-तीस पट जाड असतो. फट थोडी वाढली तर दाब बसत नाही. धुळीचा कण शिरला तर दांडा अडकतो. डिझेल फडक्यातून गाळून टाकीत ओतायची जुनी सवय म्हणूनच शहाणपणाची होती. एकेका भागाचे माप असे काटेकोर राखले, तरच खडकीत तयार झालेली रिंग किंवा लायनर माजलगावच्या बाजारातून आणून गावचा मिस्त्री कानस न लावता इंजिनात बसवू शकतो. शंतनुरावांच्या कारखान्याचे मोल या अदलाबदलीत होते. इंजिन त्यांनी शोधले नाही. ते गावात दुरुस्त होऊ शकेल असे मात्र त्यांनी मोठ्या संख्येने घडवून दाखवले.

दहा मीटरांचा नियम

इंजिन आले आणि मोटेपेक्षा कितीतरी वेगाने पाणी वर येऊ लागले. पाच अश्वशक्तीचे इंजिन दहा मीटरांवरून सेकंदाला दहा-पंधरा लिटर पाणी सहज उचलते. पण बीडच्या जमिनीखाली बेसॉल्टचा काळा खडक आहे. त्याच्या भेगांत आणि वरच्या मुरमात जेवढे पाणी मुरते तेवढेच विहिरीला मिळते. बैल दमले की मोट थांबायची आणि विहिरीला पाझरायला वेळ मिळायचा. इंजिन दमत नाही. पाण्याची पातळी खाली जाऊ लागली आणि निसर्गाचा एक कडक नियम आडवा आला.

काठावरचा पंप पाणी ओढतो असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात पंप फक्त पाइपातली हवा कमी करतो. विहिरीतल्या पाण्यावरचा हवेचा दाब ते पाणी पाइपात वर ढकलतो. समुद्रकाठी हा दाब पाण्याचा सुमारे १०.३ मीटर उंचीचा स्तंभ पेलू शकतो. बीडची उंची पाचशे मीटरांच्या आसपास असल्याने इथे तो आणखी थोडा कमी भरतो. पाइपातले घर्षण, फूटव्हॉल्व्ह आणि बारीक गळती वजा जाता हाती सहा-सात मीटर उरतात. त्याखाली पाणी गेले की इंजिन कितीही मोठे आणले तरी काठावरून पाणी येत नाही.

शेतकऱ्यांनी यावर जो उपाय काढला तो यंत्रशास्त्राला धरूनच होता. विहिरीच्या आत कपार फोडायची किंवा तुळया टाकायच्या आणि पंप इंजिनासह खाली उतरवायचा. पाणी ढकलून वर चढवायला मर्यादा नाही, ती फक्त ओढण्याला आहे. पाणी पुन्हा मिळू लागले, पण त्याबरोबर इंजिनाचा धूरही विहिरीत उतरला.

विहिरीतला न दिसणारा धोका

वर सांगितलेल्या मापाचे इंजिन दर मिनिटाला सुमारे चारशे लिटर हवा आत घेते. शांत बसलेल्या माणसाला मिनिटाला सहा-आठ लिटर हवा पुरते. म्हणजे विहिरीत एक इंजिन चालू ठेवणे हे पन्नास माणसे तिथे कोंडण्यासारखे आहे आणि हा केवळ हवा खर्च होण्याचा हिशेब झाला. मोकळ्या शेतात वारा धूर उडवून नेतो. खोल विहिरीत हवा हलत नाही. इंजिन आपलाच धूर पुन्हा आत ओढू लागते, प्राणवायू कमी पडतो, डिझेल अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड वाढत जातो.

या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीने त्याला धरून ठेवते. श्वास चालू असतो, पण मेंदूला प्राणवायू मिळत नाही. आधी डोके दुखते, मळमळते, पाय लटपटतात. जास्त प्रमाण असेल तर धोका कळण्याआधीच शुद्ध हरपते. अशा घटनेत पुष्कळदा एकाहून जास्त माणसे दगावतात, कारण पहिला पडलेला दिसताच भाऊ किंवा शेजारी तसाच खाली उतरतो.

इंधनावर चालणारे कोणतेही इंजिन विहिरीत चालवू नये. गाळ काढताना आणलेला पेट्रोलचा किंवा रॉकेलचा छोटा पंप तर डिझेलपेक्षाही जास्त कार्बन मोनॉक्साइड सोडतो. पंप खाली ठेवायचाच असेल तर तो विजेवरचा असावा. इंजिन चालून गेलेल्या विहिरीत लगेच उतरू नये. आधी पंख्याने ताजी हवा सोडावी. कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत प्राणवायू फारच कमी झाला असेल तर इशारा देते. कार्बन मोनॉक्साइड असताना मात्र कंदील नीट जळत राहतो, म्हणून त्यावर विसंबू नये. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर असावा आणि वर किमान दोन माणसे असावीत. कोणी बेशुद्ध पडला तर इंजिन बंद करून हवा सोडावी, १०८ किंवा ११२ ला कळवावे आणि श्वसनाचे साधन असलेल्या माणसांशिवाय कोणीही खाली उतरू नये. बाहेर काढलेल्याला मोकळ्या हवेत ठेवून ताबडतोब दवाखान्यात न्यावे. तिथे देण्यात येणारा प्राणवायू हाच मुख्य उपचार आहे.

विहिरीवरून रस्त्यावर

शंतनुरावांचा उद्योग पंपाच्या इंजिनावर थांबला नाही. १९६२ मध्ये अमेरिकेतल्या कमिन्स कंपनीबरोबर पुण्यात किर्लोस्कर कमिन्स सुरू झाली आणि जास्त ताकदीची डिझेल इंजिने इथे होऊ लागली. पंपाचे इंजिन एका जागी, एकाच वेगाने चालते. गव्हर्नर नावाचा भाग भार वाढला की डिझेल वाढवतो, कमी झाला की घटवतो, एवढे त्याला पुरते. गाडीचे तसे नसते. तिला थांबायचे, चढायचे, वळायचे असते.

बीडमधून ऊसतोडीला जाणारे ट्रॅक्टर हे याचे रोज दिसणारे उदाहरण. इंजिन चालू ठेवून चाके थांबवण्यासाठी क्लच असतो. भरल्या ट्रॉल्या जागेवरून हलवायला फार जोर लागतो, म्हणून खालच्या गिअरमध्ये इंजिनाचे अनेक फेरे चाकाच्या एका फेऱ्यात खर्च होतात. वेग घटतो, जोर वाढतो. वळताना बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावे लागते. दोघांना वेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग म्हणजे डिफरन्शिअल. मांजरसुंब्याचा किंवा धारूरचा घाट उतरताना गाडी न्यूट्रलला टाकली तर थोडे डिझेल वाचल्यासारखे वाटते, पण सगळा भार ब्रेकवर येतो. ते तापतात आणि त्यांची पकड सुटते. खालचा गिअर ठेवला की चाकेच इंजिनाला फिरवतात आणि त्या ओढीने गाडीचा वेग आवरला जातो.

अखेरची वर्षे

शंतनुरावांना १९६५ मध्ये पद्मभूषण मिळाले. परवाने आणि सरकारी नियंत्रणे यांवर ते उघडपणे टीका करत. उद्योग वाढवण्यासाठी परवानगी मागत बसावे लागते, हे त्यांना मान्य नव्हते. आपल्या आयुष्याची कहाणी त्यांनी स्वतः लिहिली आणि तिच्या इंग्रजी नावात निवडुंग आणि गुलाब या दोघांनाही जागा दिली. किर्लोस्करवाडीचा माळ निवडुंगाचाच होता. देशातली अर्थव्यवस्था खुली होऊ लागलेली त्यांनी पाहिली आणि २४ एप्रिल १९९४ रोजी त्यांचे निधन झाले. २००३ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, टपाल खात्याने त्यांच्या नावाचे तिकीट काढले.

तोवर शिवारात वीज आली होती. पाण्यात बुडून काम करणाऱ्या सबमर्सिबल मोटारीला ओढण्याची मर्यादाच नाही, कारण ती तळातून पाणी ढकलते. काठावरचे इंजिन तिने मागे टाकले आणि पाणी आणखी खोल गेले. दहा मीटरांच्या नियमाने काठावरच्या इंजिनाला एक लगाम घातला होता, तो नव्या यंत्राला नाही. आता विहीर किती आणि कधी उपसायची, हे माणसानेच ठरवायचे आहे. वीज नसलेल्या शिवारात, दुष्काळात टँकरवर आणि गाळ काढायच्या कामावर इंधनाचे इंजिन आजही लागते. ते सुरू करण्याआधी त्याचा धूर कुठे जाणार, हे एकदा पाहून घ्यावे.